स्वमग्नतेचे संशोधन आणि कुटुंबाचा वाटा

(धरणगाव परिसरातील शिक्षक, अंगणवाडी सेविका व पंचायत सदस्य यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



हाक मारली तरी वळून न पाहणारे, शिकलेले शब्द पुन्हा हरवून बसलेले, खेळण्यातील गाडीचे एक चाकच तासन्‌तास फिरवीत राहणारे मूल एखाद्या घरात असले, तर त्याची पहिली नोंद कोण करते? दवाखान्याच्या केसपेपरावर ती होण्याआधी कित्येक महिने आईच्या मनात झालेली असते. स्वमग्नतेचे निदान रक्ताच्या तपासणीने होत नाही. मुलाचे वागणे पाहणे आणि घरच्यांची हकीकत ऐकणे हाच त्याचा मुख्य मार्ग होय. आपल्या देशात प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी ४० बाबींची भारतीय मूल्यमापन श्रेणीही पालकांच्या माहितीवाचून भरता येत नाही.

या अवस्थेचा इतिहासच मुळी एका बापाच्या पत्रापासून सुरू होतो. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या एका वकिलाने १९३८ साली आपल्या डोनाल्ड नावाच्या मुलाविषयी ३३ पानांचे टंकलिखित पत्र डॉ. लिओ कॅनर यांना पाठविले. कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करणारा जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात या पत्रातील तपशिलांचा भरपूर आधार घेतला होता. पुढे मात्र शास्त्राची वाट चुकली. आईच्या मायेत उणीव असल्यामुळे मूल असे होते, असा समज तज्ज्ञांतच पसरला आणि असंख्य मातांनी तो डाग निमूटपणे सोसला. त्या समजाला १९६४ साली ग्रंथ लिहून आव्हान देणारे बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ तर होतेच, शिवाय अशाच एका मुलाचे वडील होते. इंग्लंडमध्ये या विषयाची व्याप्ती दाखवून देणाऱ्या डॉ. लॉर्ना विंग यादेखील अशाच मुलीच्या आई होत्या.

आता जवळचे उदाहरण पाहू. गोव्यात व पाकिस्तानातील रावळपिंडी येथे २०१३ साली एका प्रयोगासाठी २ ते ९ वर्षांची ६५ मुले व त्यांचे पालक निवडण्यात आले. त्यांपैकी ३० मुले गोव्याची होती. तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी आई-वडील मुलाशी खेळत असताना चित्रफीत घ्यावयाची, ती पालकांबरोबर बसून पाहावयाची, आणि मुलाने नजरेने वा हाताने केलेली कोणती खूण आपल्याकडून निसटली हे पालकांनीच हेरावयाचे, अशी ही पद्धत होती. कोणत्या कुटुंबाला ही मदत मिळेल आणि कोणाचे नेहमीचेच उपचार चालू राहतील, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले. ३२ मुले पहिल्या गटात गेली, ३३ दुसऱ्या. दुसऱ्या गटातील पालकांचा वाटा कमी मोलाचा नव्हता, कारण तुलनेवाचून काहीच सिद्ध झाले नसते. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पालक मुलाच्या कलाने वागू लागले आणि मूल आपण होऊन अधिक संवाद साधू लागले, असे आढळले. दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचा वेळ मात्र घटला, हेही संशोधकांनी दडविले नाही.

खानदेशाला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. २ ते ९ वर्षांच्या ३,९६४ मुलांची पाहणी करणारा जो मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यासाठी उत्तर गोवा, हैदराबाद, पलवल, कांगडा व ढेंकनाल ही पाच ठिकाणे घेतली होती. महाराष्ट्रातील एकही त्यात नव्हते. उद्या असे पथक धरणगावला आले, तर प्रमाण मराठीतील प्रश्नावली घेऊन येईल, आणि आई घरात अहिराणी बोलत असेल. मुलाचे बोलणे किती, हे घरच्या बोलीतच मोजले पाहिजे. अशा वेळी शेजारी बसलेली अंगणवाडी सेविका दुभाषी म्हणून जे काम करील, ते कोणत्याही पदवीधराला सहज जमणारे नाही.

सहभाग म्हणजे अंगठा उठविणे नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतितत्त्वांप्रमाणे संमतिपत्र पालकांना समजेल अशा भाषेत हवे, ७ वर्षांवरील मुलाचीही अनुमती घ्यावयास हवी, आणि मध्येच बाहेर पडले तरी नेहमीचे उपचार थांबता कामा नयेत. येथे एक धोक्याची सूचना देणे अगत्याचे आहे. संशोधनाच्या नावाखाली मूळपेशींची इंजेक्शने लाखो रुपये घेऊन टोचणाऱ्यांची जाहिरात गावापर्यंत पोचते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने २०२२ साली स्वमग्नतेसाठी हा उपचार शिफारसयोग्य नसल्याचे सांगितले आहे. खरा प्रयोग सहभागी कुटुंबाकडून अशी किंमत मागत नाही; त्याची नोंद देशाच्या चिकित्सा-चाचणी नोंदवहीत असते. तो क्रमांक विचारण्यास शिक्षकाने संकोचू नये. शेत विकण्याच्या बेतात असलेल्या बापाला एवढा एक प्रश्न वाचवू शकतो.

दुसरी अडचण लाजेची. मोठ्या बहिणीचे लग्न अडेल, या भीतीने कितीतरी घरे मुलाचे नाव यादीत येऊ देत नाहीत. म्हणून पंचायतीच्या बैठकीत अशी यादी कधीही मोठ्याने वाचली जाऊ नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येते. शंका असलेले मूल त्याला दाखवून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविता येते. निदान झालेल्या कुटुंबाला पुढे संशोधनात यावे की नाही, हे त्याचे त्यानेच ठरवावयाचे.

आणि भेटीची वेळ. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी लागली की दुपारी बारा वाजता घरी कोण सापडणार? प्रवासखर्च व बुडालेली मजुरी सहभागी कुटुंबाला भरून देता येते, हे पथकाला आधीच सांगून ठेवावे. नाहीतर सायंकाळी, चूल पेटण्यापूर्वी, यावे.