लोकप्रिय संगीताची पदवी

अमेरिकेंत टेक्ससमधील डेंटनच्या अध्यापक-महाविद्यालयानें १९४७ सालीं जॅझची पदवी सुरू केली. पण तो शब्द सभ्य लोकांस खपेना, म्हणून विषयाचें नांव ठेवलें ‘नृत्य-वाद्यवृंद’! ती भीति पुढें ओसरली. १९८८ सालीं लिव्हरपूल विद्यापीठानें लोकप्रिय संगीताच्या अभ्यासासाठीं स्वतंत्र संस्थाच स्थापिली.

खरा पेंच आहे प्रवेशपरीक्षेचा. हें संगीत बहुधा ध्वनिमुद्रिका ऐकून, कानानेंच शिकलें जातें. (आपल्या घराण्यांतली तालीम तरी दुसरी कोणती?) त्याच लिव्हरपूलच्या बीटल्स मंडळींपैकीं एकालाही स्वरलिपि वाचतां येत नव्हती. मग उमेदवारापुढें आधीं कागद कशाला? त्याला एक अनोळखी गीत ऐकवावें आणि लगेच वाजवावयास सांगावें. स्वरलिपि पहिल्या वर्षीं शिकवितां येईल.