दुसऱ्या कार्बनचा रकाना



पिंपरीच्या कारखानदारीचा जन्म कशातून झाला, असे विचारले की बहुतेकांच्या तोंडी स्कूटर नाहीतर ट्रक येतो. खरे उत्तर पेनिसिलिन आहे. 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी उत्पादन सुरू झाले. भांडवल भारत सरकारचे, पण यंत्रसामग्रीला युनिसेफचा हात होता आणि तांत्रिक मदत जागतिक आरोग्य संघटनेची होती. टेल्को आणि बजाज त्यानंतरचे. दूरच्या शहरांत कोणी तरी टेबलाशी बसून मसुद्यातल्या शब्दाशब्दासाठी झगडले, म्हणून पिंपरीच्या माळावर टाक्या चढल्या. त्या माणसांच्या विमानभाड्याचा आणि पगाराचा हिशेब तेव्हाही कोणाला तरी उधळपट्टी वाटला असेल.

आजचा विषय त्याच विमानभाड्याचा आहे. नटबोल्ट, फोर्जिंग आणि मशीनिंगवाल्यांच्या परिषदेत हवामान-वाटाघाटींवरच्या सरकारी खर्चाची कपात हा विषय काहींना वाट चुकलेला वाटेल. प्रस्तुत अध्यक्षांनाही तो आधी तसाच वाटला होता.

आधी घडले काय ते. 20 जानेवारी 2025 रोजी अमेरिकेने पॅरिस करारातून बाहेर पडण्याचा आदेश काढला. हरित हवामान निधीला कबूल केलेले पण न दिलेले चार अब्ज डॉलर मागे घेतले. मार्चमध्ये हानी-भरपाई निधीच्या मंडळावरची खुर्ची सोडली. परराष्ट्र खात्यातले हवामान-वाटाघाटींचे कार्यालयच बंद केले, यूएसएड गुंडाळले. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलमधील बेलेम येथील परिषदेला अधिकृत शिष्टमंडळ पाठवले नाही. 7 जानेवारी 2026 रोजी 66 आंतरराष्ट्रीय संस्थांमधून माघार जाहीर केली. त्यात 1992 चा मूळ हवामान करार होता, आयपीसीसी होती आणि गुरुग्राममध्ये मुख्यालय असलेली आंतरराष्ट्रीय सौर आघाडीही होती. हात आखडणारी अमेरिका एकटी नव्हे. ब्रिटनने परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 टक्क्यांवरून 2027 पर्यंत 0.3 टक्क्यांवर आणायचे ठरवले. तो पैसा संरक्षणाकडे वळला.

या बातम्या वाचून भोसरीतल्या अनेक शेडमध्ये सुटकेचा निःश्वास ऐकू आला. एवढा मोठा देशच उठून गेला, आता कार्बनबिर्बनचे थेर संपले, पीडा टळली! ही समजूत गोड आहे, आणि नेमकी उलटी आहे.

भोसरीतल्या बोल्टचेच उदाहरण घ्यावे. कार्बन हा शब्द बोल्टवाल्याला नवा नाही. वायर रॉडबरोबर गिरणीकडून येणाऱ्या चाचणी-दाखल्यावर, म्हणजे एमटीसीवर, पहिलाच रकाना बहुधा कार्बनचा असतो. अमुक ग्रेडला इतके शतांश, त्यावर हीट ट्रीटमेंट ठरणार, त्यावर हार्डनेस. तो कार्बन पोलादाच्या पोटात असतो. युरोप आता दुसरा कार्बन विचारतो. ते पोलाद बनताना धुरातून किती बाहेर गेला, तो. सीमेवरच्या या कार्बन-आकारणीला सीबॅम म्हणतात. 1 ऑक्टोबर 2023 पासून युरोपीय आयातदाराला त्याचे तिमाही अहवाल द्यावे लागत होते, 1 जानेवारी 2026 पासून पैशाचा हिशेब लागू झाला. लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते, वीज आणि हायड्रोजन अशी त्याची यादी आहे. पोलाद म्हणजे फक्त कॉइल आणि प्लेट अशी कोणाची समजूत असेल तर 7318 हा शुल्क-क्रमांक पाहावा. स्क्रू, बोल्ट, नट, सगळे त्यात आहेत.

गंमत अशी की बोल्टवाला स्वतः फारसा धूर सोडतच नाही. कोल्ड फोर्जिंग, थ्रेड रोलिंग, जॉबवर्कला पाठवलेले प्लेटिंग, महावितरणचे बिल: एवढाच त्याचा संसार. बोल्टच्या नावावर चढणाऱ्या उत्सर्जनाचा मोठा भाग गिरणीतल्या भट्टीतून आलेला असतो. भारतात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाची सरासरी दोन टनांच्या आत आहे. भट्टी दुसऱ्याची, कोळसा तिसऱ्याचा आणि आकडा मागणारी ई-मेल मात्र भोसरीला. खरा आकडा देता आला नाही, तर युरोपने ठरवलेला ठोकळ आकडा लागतो, आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो. गिरणीच्या डीलरकडे तो खरा आकडा मागून पाहावा. एमटीसीशिवाय दुसरा कागद क्वचितच हाती येतो.

वर्षाला 50 टनांपेक्षा कमी माल आणणाऱ्या आयातदाराला यातून सूट आहे. पण ती सूट आयातदाराला. जर्मनीतला मोठा खरेदीदार हजारो टन आणतो, त्यामुळे भोसरीचा दोन टनांचा खोकाही हिशेबात येतो. पहिल्या वर्षी रक्कम किरकोळ वाटेल. युरोप आपल्या कारखान्यांना देत असलेली मोफत सवलत 2034 पर्यंत टप्प्याटप्प्याने संपणार आहे, तसतसा इथला भार चढत जाईल.

हा नियम कोणत्या जागतिक करारात ठरला? कोणत्याही नाही. ब्रुसेल्समध्ये ठरला. सगळ्यांनी मिळून नियम करण्याची जागा दुबळी झाली की नियम संपत नाहीत, एकेकट्याचे नियम वाढतात. ज्याची बाजारपेठ मोठी, त्याचा नियम. आणि त्या नियमाविरुद्ध दाद मागायची कुठे? 1992 च्या करारातील तिसऱ्या कलमाचे पाचवे उपकलम सांगते की हवामानाच्या नावाखाली व्यापारावर छुपी बंधने येऊ नयेत. भारत आणि इतर विकसनशील देश ते दाखवून वर्षानुवर्षे भांडत आले. बेलेममध्ये अखेर एवढे पदरात पडले की 2026, 2027 आणि 2028 च्या जूनमधील बॉनच्या बैठकांत व्यापाराच्या प्रश्नावर रीतसर संवाद होईल. भोसरीच्या बोल्टची तक्रार ज्या थोड्या टेबलांवर मांडता येते, त्यांपैकी हे एक. त्या टेबलाचा खर्च चालवणाऱ्या सचिवालयाच्या अंदाजपत्रकात अमेरिकेचा वाटा साधारण एकपंचमांशाहून थोडा जास्त होता. तो आटल्यावर ब्लूमबर्ग यांच्या धर्मादाय संस्थेने खिशात हात घातला. एका धनिकाच्या मर्जीवर चालणारे कचेरीचे टेबल किती भक्कम, हे सांगायला नको. थकलेल्या बिलावर पार्ट्यांचे काम कसे चालते, ते या सभागृहाला पाठ आहे.

दुसरे उदाहरण जहाजाचे. चाकणचा सुटा भाग न्हावा-शेवा बंदरातून निघतो. जगभरच्या जहाजांच्या धुरावर एकच आकारणी असावी, असा आराखडा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत तयार होता. ऑक्टोबर 2025 मध्ये लंडनला अमेरिकेने उघड दबाव आणला आणि 57 विरुद्ध 49 मतांनी निर्णय वर्षभर पुढे गेला. म्हणजे खुर्ची सोडणारा देश दारातून मात्र हलत नाही! या काळात युरोपची स्वतःची जहाज-कार्बन आकारणी, जी जानेवारी 2024 पासून सुरू आहे, जागच्या जागी राहिली. रॉटरडॅमला जाणाऱ्या कंटेनरचे भाडे ठरवताना तिचा विचार होतो. जागतिक आकारणी टळली म्हणून चाकणच्या निर्यातदाराची एक दमडीही वाचली नाही. उलट जागतिक निधीतून विकसनशील देशांकडे येऊ शकणारा पैसाही लांबला.

आता दुसरी बाजू. या परिषदांबद्दल नाक मुरडणारे सगळेच अडाणी नसतात. 2023 च्या दुबईच्या परिषदेला ऐंशी हजारांवर माणसे लोटली होती. वाटाघाटी करणारे त्यांत मूठभर. बाकी पॅव्हेलियन, फोटो, पिशव्या, खानपान. बाकू येथे 2024 मध्ये श्रीमंत देशांनी 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलर देण्याचे ठरवले, तेव्हा भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी तो दृष्टिभ्रम असल्याचे भर सभेत सांगितले. राग रास्त होता. जत्रेचा खर्च कापावा, त्याला कोणाची ना नाही. पण कात्री चालते तेव्हा आधी तुटतात दुभाषे, कायदेतज्ज्ञ आणि आकडे पडताळणारे कारकून. पॅव्हेलियनला प्रायोजक सापडतो, कारकुनाला सापडत नाही.

चालणारी गाडी कशी असते, तेही सांगितले पाहिजे. ओझोनच्या थराला भोक पाडणारे सीएफसी वायू बंद करण्याचा मॉन्ट्रिअल करार 1987 चा. भारत त्यात लगेच शिरला नाही. 1990 मध्ये लंडनच्या बैठकीत पर्यावरणमंत्री मनेका गांधी यांनी स्पष्ट सांगितले की कारखाने बदलायचे तर पैसा आणि तंत्रज्ञान द्या. तिथे बहुपक्षीय निधी ठरला, 1992 मध्ये भारत सामील झाला. त्या निधीतून फ्रिज आणि फोम बनवणाऱ्यांनी यंत्रे बदलली, दुरुस्तीवाल्यांची प्रशिक्षणे झाली, आणि 2010 पासून सीएफसीचा वापर जवळपास थांबला. कारखाने काही बंद पडले नाहीत. आजची सीबॅमची ई-मेल आणि तेव्हाचा मॉन्ट्रिअल यांत हाच फरक आहे: तेव्हा नियमाबरोबर यंत्राचा पैसा आला होता. आता नुसता नियम येतो.

निधी आटला की काय सुकते, ते पाहायला सिंधुदुर्गात जावे. हरित हवामान निधीने 2018 मध्ये महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यांसाठीच्या प्रकल्पाला 4 कोटी 34 लाख डॉलर मंजूर केले. खारफुटी आणि खेकडेपालन असा त्याचा बाज. चाकणवाल्याला त्याचे काय? मान्य, थोडेच. पण पुण्यातल्या पाषाणमध्ये उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. मान्सूनच्या अभ्यासाला हिंदी महासागरातल्या तरत्या बोयांची मोजमापे लागतात. ते बोयांचे जाळे अमेरिकेच्या नोआ या सागर-हवामान संस्थेने भारत आणि इतर देशांच्या मदतीने उभारले. नोआवर आज कपातीची टांगती तलवार आहे. पवना धरणात पाणी किती येईल, या प्रश्नाचा धागा असा वॉशिंग्टनच्या अंदाजपत्रकापर्यंत जातो.

घरची एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. भंगारापासून केलेल्या पोलादामागे धूर कितीतरी कमी असतो. कुदळवाडी-चिखलीत भंगाराचा मोठा बाजार होता. फेब्रुवारी 2025 मध्ये तिथली हजारो बांधकामे पाडली गेली. ती अनधिकृत होती, तिथे आगी लागत, नदी मलीन होत होती. हे सगळे खरे. पण युरोप कमी धुराचे पोलाद मागत असताना, ते जिथून सुरू होते तो भंगारवाला कुठे बसवायचा, याचा आराखडा बुलडोझरच्या आधी तयार असायला हवा होता.

सरकारकडे या परिषदेने तीन गोष्टी मागाव्यात. बॉनला जाणाऱ्या भारतीय पथकात लघुउद्योगांचा आकडा जाणणारा किमान एक माणूस असावा, त्याचे तिकीट वाचवू नये. देशातल्या कार्बन-बाजारात मोजलेली किंमत युरोपने सीबॅममधून वजा करावी, यासाठी पोलादाची उद्दिष्टे लवकर ठरावीत. आणि डिसेंबर 2024 मध्ये पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाला तारांकित दर्जा दिला आहे, त्याचा आकडा गिरण्यांनी प्रत्येक एमटीसीवर छापणे बंधनकारक करावे. म्हणजे पहिल्या कार्बनशेजारी दुसऱ्याचाही रकाना येईल.

जेवणानंतरच्या सत्रात एका बोल्टचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवला जाणार आहे. विजेची बारा महिन्यांची बिले आणि शेवटच्या तीन हीट नंबरांच्या एमटीसी ज्यांनी सोबत आणल्या आहेत, त्यांनी पुढच्या रांगेत बसावे. ज्यांनी आणल्या नाहीत, त्यांनी आत्ताच शेडवर फोन लावावा.