नेपाळची जुनी नगरे : खुष्कीच्या मार्गाने एक प्रवास

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मंडळाच्या सहलीचा वृत्तान्त सांगण्याचे काम कार्यकारिणीने आमच्याकडे सोपविले आहे. वृत्तान्त म्हटला की कोठे उतरलो, काय जेवलो आणि कोणाची पिशवी कोठे राहिली हे सांगण्याची वहिवाट आहे. ते सर्व सहलीतील मंडळींकडून आपण एव्हाना ऐकलेच असेल, आणि आमच्यापेक्षा अधिक खुलवून ऐकले असेल. म्हणून ते बाजूस ठेवून, नेपाळातील जुनी नगरे आजवर उभी कशी राहिली, एवढ्या एकाच प्रश्नासंबंधी चार शब्द सांगावे असे आम्ही योजिले आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे काढल्यावर कोणतीही वास्तू पाहिली की हिची देखभाल कोणाच्या माथी आहे, हे आम्हांस प्रथम विचारावेसे वाटते. सौंदर्याचा विचार त्यानंतर.

२०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही बावीस जण लखनौहून रेल्वेने गोरखपुरास आणि तेथून बसने सोनौलीस गेलो. १९५० च्या करारामुळे भारतीय माणसास नेपाळात जाण्यास व्हिसा लागत नाही. आम्ही निवडणूक ओळखपत्रे दाखविली आणि कमानीखालून पलीकडे झालो. जकातीच्या कचेरीस तेथे ‘भन्सार’ म्हणतात. बसचे कागद तेथे व्हावयास तीन तास लागले, त्यामुळे त्या शब्दाची चांगली ओळख झाली. पलीकडे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे, आणि भिंतीवरील दिनदर्शिकेत विक्रम संवत् २०८० लिहिलेले. आपले शंभर रुपये म्हणजे तेथले एकशेसाठ, हा दर १९९३ पासून ठरलेला असल्याने भगिनींचे हिशेब तोंडपाठ झाले होते.

पहिला मुक्काम लुंबिनीचा. बुद्धजन्माचे स्थान म्हणून सर्व जग तेथे येते. आमच्यातील दोघे महसुलाच्या कामात मुरलेले असल्यामुळे अशोकस्तंभावरील पाच ओळींच्या लेखापाशी ते बराच वेळ रेंगाळले. राज्याभिषेकास वीस वर्षे झाल्यावर सम्राट स्वतः येथे आला, शाक्यमुनीचा जन्म येथे झाला म्हणून त्याने पूजा केली, असे त्यात आहे. पुढे जो मजकूर येतो तो शुद्ध सरकारी हुकूम आहे. लुंबिनी गावाचा ‘बलि’ नावाचा कर माफ, आणि पिकाच्या उत्पन्नातील सरकारी वाटा आठवा हिस्सा. तीर्थास राजाश्रय द्यावयाचा तर त्या गावचा भार हलका केला पाहिजे, हे त्या राजाने ओळखले होते. हा स्तंभलेख १८९६ मध्ये उजेडात आला. त्या शोधाशी डॉक्टर फ्यूरर यांच्याबरोबर पाल्प्याचे तत्कालीन सुभेदार खड्गशमशेर राणा यांचे नाव जोडलेले आहे.

तेथून पश्चिमेस तिलौराकोट. तटबंदी, दरवाजे आणि विटांचे चौथरे उकरून काढलेले आहेत. हीच शुद्धोदनाची कपिलवस्तू, असे तेथला फलक सांगतो. आपल्या सिद्धार्थनगर जिल्ह्यातील पिप्रहव्याचा फलक तोच मान स्वतःकडे घेतो. दोन्ही ठिकाणे सीमेच्या दोन बाजूंस, काही कोसांच्या अंतरावर. १८९८ मध्ये पिप्रहव्यास धातुकलश सापडला तेव्हापासून हा वाद चालू आहे, आणि दोन शेजाऱ्यांच्या वादात जुन्या विटांची चांगली निगा राखली जात असेल तर तो चालू राहण्यास आमची हरकत नाही.

बुटवलपासून भारताच्या मदतीने बांधलेला सिद्धार्थ राजमार्ग डोंगरास लागतो. वळणे मोजण्याचा नाद आमच्यातील तरुण मंडळींनी, म्हणजे पन्नाशीच्या आतल्यांनी, लवकरच सोडून दिला. वाटेत तानसेन हे पाल्प्याचे ठाणे. येथला दरबार २००६ च्या जानेवारीअखेर माओवाद्यांच्या हल्ल्यात जळाला आणि पुढे जुन्या घाटाचा पुन्हा बांधला. कालीगंडकीच्या काठी खड्गशमशेराने पत्नीच्या स्मरणार्थ बांधलेला राणीमहाल याच मुलखात आहे. पोखऱ्याची हिमशिखरे सर्वांस ठाऊक आहेत. त्यांची देखभाल कोणास करावी लागत नसल्याने ती आजच्या विषयाबाहेरची.

आता काठमांडूच्या खोऱ्याकडे वळू. १९७९ साली या खोऱ्यातील सात स्थळे जागतिक वारसा म्हणून नोंदली गेली : काठमांडू, पाटण व भक्तपूर येथील तीन दरबारचौक, स्वयंभू आणि बौद्धनाथ हे स्तूप, पशुपतिनाथ आणि चांगुनारायण. सिमेंटच्या बांधकामांनी जुने घाट बिघडू लागले म्हणून २००३ मध्ये हीच स्थळे धोक्यातील वारशाच्या यादीत गेली आणि २००७ मध्ये तीतून बाहेर आली. नंतर आला २५ एप्रिल २०१५ चा भूकंप. ७.८ तीव्रतेचा. सुमारे नऊ हजार माणसे गेली. दरबारचौकांतील कित्येक देवळे काही क्षणांत विटांचे ढीग झाली.

आम्ही गेलो तेव्हा या घटनेस जवळजवळ नऊ वर्षे लोटली होती. भक्तपुरात शिरताना आमचा मार्गदर्शक, तेथलाच नेवार तरुण, म्हणाला, “दाइ, जुने काय आणि नवे काय, ते तुम्हीच ओळखा.” आम्ही पुष्कळ ठिकाणी चुकीचे ओळखले, आणि याचे त्याला फार समाधान वाटले. वत्सलादेवीचे शिखराकृती देऊळ मुळासकट कोसळले होते, ते पुन्हा तसेच उभे आहे. येथली नगरपालिका पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेते आणि त्यातून देवळे, धर्मशाळा, तळी दुरुस्त करते. कामे पुष्कळदा ठेकेदारास न देता वस्तीतील लोकांच्या समितीकडे सोपविली जातात. सुतार गावचा, वीटभट्टी गावची, आणि लाकडावर पानफुले कोरणाराही गावचाच. निविदांच्या फायलींत केस पांढरे झालेल्या आमच्यासारख्यांनी हे ऐकून एकमेकांकडे पाहिले.

भक्तपूरचे न्यातपोल हे पाच छपरांचे देऊळ भूपतींद्र मल्ल याने १७०२ मध्ये बांधिले. पायऱ्यांच्या दोहों अंगांस खालून वर मल्ल, हत्ती, सिंह, शार्दूल आणि देवता अशा जोड्या आहेत. प्रत्येक जोडी खालच्या जोडीच्या दसपट बळाची, असा समज आहे. १९३४ चा भूकंप आणि २०१५ चा भूकंप, दोन्ही त्याने पचविले. रुंद होत गेलेला चौथरा आणि लाकडाचा लवचिक सांगाडा यांचे हे श्रेय जाणकार सांगतात. त्या सर्वांत खालच्या मल्लांपाशी आमच्यातील एका सद्गृहस्थांनी दंड फुगवून छायाचित्र काढून घेतले, ते मंडळाच्या फलकावर लागले आहे.

येथल्या दरबारचौकात सुवर्णद्वाराच्या आत तलेजूचे देवालय आहे. तलेजू म्हणजे तुळजा. मल्ल राजांची ती कुलदेवता. कर्णाट वंशातील मिथिलेचा राजा हरिसिंहदेव याच्या घराण्याबरोबर चौदाव्या शतकात ती या खोऱ्यात आली, अशी परंपरा आहे. वंशावळींतून ‘तुलजा भवानी’ हे नाव वाचले की मराठी माणसाचे पाऊल थबकतेच. आतल्या दारापुढे जाण्यास मज्जाव होता. आमच्याबरोबरच्या भगिनींनी आणलेली खणानारळाची ओटी दाराशी बसलेल्या पुजाऱ्याच्या हाती दिली. त्यास विधी ठाऊक नव्हता, तरी त्याने ती कपाळास लावून आत नेली. काठमांडूच्या हनुमानढोका येथील तलेजूचे देऊळ तर सामान्य जनांस वर्षातून एकदा, महानवमीसच उघडते.

रात्री आम्ही मार्गदर्शकास विचारले की ही देवळे, पाणवठे, जत्रा, यांचे सगळे चालते कशावर? त्याने एका शब्दात उत्तर दिले : गुठी. हा शब्द संस्कृत ‘गोष्ठी’पासून आला. लिच्छवींच्या शिलालेखांतूनही गोष्ठींचे उल्लेख आहेत, म्हणजे ही संस्था दीड हजार वर्षांची धरावयास हरकत नाही. कोणी एकाने जमीन दान करावी, तिच्या उत्पन्नातून दिवा, पूजा, रथ, छपराची दुरुस्ती, वर्षाचे जेवण चालावे, आणि ही कामे काही घराण्यांनी पाळीपाळीने करावी. आपल्याकडील देवस्थान इनामाशी तिचे नाते दिसते. तथापि गुठीत प्रेताला खांदा देण्यापासून वाद्य वाजविण्यापर्यंत प्रत्येक घराचा वाटा नेमलेला असतो. आमच्या मार्गदर्शकाच्या घराकडे नववर्षाच्या बिस्केट जात्रेत भैरवाच्या रथाचा दोर ओढण्याचे काम आहे. २०१५ मध्ये घर पडून तो कुटुंबासह ताडपत्रीखाली राहत होता. पुढच्या वर्षी तो दोरास हात लावण्यास गेला. न गेल्यास दंड होता का, असे आम्ही विचारले. “दंड थोडा होता, दाइ. पण आजोबांचे नाव यादीत आहे,” असे तो म्हणाला. (आपल्या सभागृहाच्या छपरासाठी वर्गणीची यादी फिरते तेव्हा हे वाक्य आठवावे, एवढीच चिटणीसांच्या वतीने विनंती.)

हे चित्र एकरंगी नाही, हेही सांगितले पाहिजे. १९६४ च्या कायद्याने पुष्कळ गुठ्यांच्या जमिनी सरकारी गुठी संस्थानाखाली गेल्या. कुळांचे हक्क, अतिक्रमणे आणि वाढत्या शहराची भूक यांत बरीच जमीन आटली. २०१९ मध्ये सरकारने नवे गुठी विधेयक आणिले, तेव्हा जूनमध्ये हजारो नेवार पारंपरिक वेषात, धिमे वाजवीत काठमांडूच्या रस्त्यावर उतरले आणि सरकारला ते मागे घ्यावे लागले. आम्ही सरकारचे चाकर, तरी आमचे मत सांगतो : कसणाऱ्याला न्याय देण्याचा प्रश्न खरा आहे, आणि जमिनीवाचून दिवा लागत नाही हेही खरे आहे. हे दोन्ही एका कायद्यात बसविणे सोपे नाही. आमच्या मार्गदर्शकाचा धाकटा भाऊ आखातात नोकरीस आहे. दोराशी त्याची जागा रिकामी असते, तेथे शेजाऱ्याचा मुलगा उभा राहतो.

काठमांडूच्या ज्या मंडपावरून त्या नगराला नाव मिळाले तो काष्ठमंडप आम्ही दोनदा पाहिला. एकाच झाडाच्या लाकडाचा, अशी आख्यायिका असलेली ही तीन मजली धर्मशाळा. भूकंपाच्या दिवशी तेथे रक्तदानाचे शिबिर चालू होते. इमारत कोसळली आणि आतली माणसे दगावली. नंतर पुरातत्त्वज्ञांनी पाया उकरला तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. बाराव्या शतकातला समजला जाणारा पाया सातव्या शतकातला निघाला, आणि तो शाबूत होता. मात्र चार मुख्य खांबांपैकी एक खांब मागील एका दुरुस्तीपासून आपल्या तळखड्यात नीट बसलेलाच नव्हता. वाड्यात वाढलेल्या आमच्यातील एका वृद्ध काकांना तळखडा म्हणजे काय हे सांगावे लागले नाही. ते नुसते “अरेरे” म्हणाले. ठेकेदाराकडून काम करवून घेण्यास नगरवासीयांनी विरोध केला आणि लोकांच्या समितीने लाकूड, वीट, माती यांनीच २०२२ पर्यंत तो पुन्हा उभारिला. तेथून चालत काही मिनिटांवर धरहरा आहे. तो जुना मनोराही त्याच दिवशी पडला होता. त्याच्या जागी काँक्रीटचा उंच नवा मनोरा झाला असून जवळच जुन्याचे उरलेले बूड राखून ठेवले आहे. बरेच लोक नव्याकडे मान वर करून पाहत होते. आम्हांस ते बूडच अधिक बोलके वाटले.

पाटणास गेलो तो दिवस थोडा होता. १६३७ चे दगडी कृष्णमंदिर भूकंपातून वाचले. शेजारची हरिशंकर आणि चारनारायण ही लाकडी देवळे पडली, तेव्हा तेथल्या लोकांनी आणि पोलिसांनी छपराखालच्या कोरीव ‘टुंडाल’ तिरक्या खांबांपासून सर्व तुकडे ढिगातून वेचून संग्रहालयाच्या आवारात नेऊन ठेविले. म्हणूनच नव्याने उभ्या राहिलेल्या देवळांत जुन्या लाकडास पुष्कळ जागा मिळाली. चौकाच्या कडेस मंगहिटी नावाचा इसवी सन ५७० चा पाणवठा आहे. मकरमुखांतून पाणी आजही पडते. आम्ही ओंजळ भरून घेतली.

चांगुनारायणाच्या टेकडीवर मानदेव राजाचा इसवी सन ४६४ चा, म्हणजे शके ३८६ चा स्तंभलेख आहे. शालिवाहन शकाचा आकडा इतक्या दूर हिमालयाच्या कुशीत वाचून मराठी मनास आनंद झाला. त्या लेखात मानदेवाची आई राज्यवती सती जावयास निघते आणि मुलगा तिला परावृत्त करतो, अशी हकीकत कोरलेली आहे. आपल्याकडे राममोहन राय यांना जी लढाई एकोणिसाव्या शतकात द्यावी लागली, तिचा एक घरगुती प्रसंग तेथे पाचव्या शतकातील दगडावर आहे. हे वाचून सहलीतील भगिनी तेथे बराच वेळ थांबल्या.

शेवटच्या दिवशी कार्यक्रमपत्रिकेत नसलेले एक ठिकाण आम्ही हट्टाने घेतले. १८५७ च्या उठावानंतर नानासाहेब पेशव्यांनी कुटुंबासह नेपाळच्या तराईत आश्रय घेतला. त्यांचे पुढे काय झाले याविषयी इतिहासकारांत एकमत नाही, घरच्या स्त्रियांना मात्र जंगबहादुराने राहू दिले. आपल्या लखनौची बेगम हजरत महलही तिकडेच गेली आणि १८७९ मध्ये काठमांडूतच वारली. १९६२ पासून तिचे नाव धारण केलेल्या येथल्या उद्यानातून आपण सगळे कधी ना कधी फिरलेले आहोत. तिची कबर जामा मशिदीजवळ, गजबजलेल्या रस्त्याच्या कडेस आहे. मार्गदर्शकास रस्ता दोघांस विचारावा लागला. आम्ही लखनौहून आलो, एवढे सांगताच तेथल्या एका वृद्ध गृहस्थाने फाटक उघडले आणि पाणी आणून दिले. आम्ही प्रत्येकाने एकेक फूल वाहिले. बस उभी करण्यास तेथे जागा नव्हती, चालक हाका मारीत होता. दुपारच्या आत आम्ही थानकोटचा चढ ओलांडून सोनौलीच्या वाटेस लागलो.