मधल्या पायरीचा पहिला पगार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



वेतनाचा प्रश्न निघाला की कामगार चळवळीतील चर्चा बहुधा किमान वेतनापासून सुरू होते आणि महागाई भत्त्यापाशी येऊन थांबते. नुकतेच शिक्षण संपवून कामावर रुजू होणाऱ्या माणसाचा पहिला पगार कसा ठरतो, त्याच्याबरोबर कोणत्या सवलती दिल्या जातात आणि कोणत्या नाकारल्या जातात, याकडे तितकेसे लक्ष जात नाही. वास्तविक पुढील तीस वर्षांची वेतनवाढ, भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन ही सारी इमारत त्या पहिल्या आकड्यावर उभी राहते. आजचे विवेचन डॉक्टर आणि परिचारिका यांच्या मधल्या पायरीवर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याविषयी आहे. इंग्रजीत त्याला फिजिशियन असिस्टंट म्हणतात. मराठीत वैद्यक-साहाय्यक म्हणता येईल.

हा पेशा अमेरिकेत जन्मला. तेथे डॉक्टरांची टंचाई होती आणि नौदलात जखमींवर उपचार करण्याचा अनुभव घेऊन परतलेले, पण नागरी जीवनात त्या अनुभवाला कोणतेही स्थान नसलेले तरुण उपलब्ध होते. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी अशा माजी सैनिकांसाठी अभ्यासक्रम सुरू केला आणि १९६७ मध्ये पहिले तीन पदवीधर बाहेर पडले. डॉक्टरच्या देखरेखीखाली रुग्ण तपासणे, चाचण्या सुचवणे आणि ठरलेल्या मर्यादेत उपचार करणे असे या कामाचे स्वरूप राहिले.

अशा कामाचे मोल कशावरून ठरवावे? ॲडम स्मिथने १७७६ साली मजुरीतील तफावतीची जी कारणे सांगितली, त्यांपैकी तीन येथे उपयोगी पडतात. पहिले कारण शिक्षणाला लागणारा काळ व खर्च. दुसरे कामाची शाश्वती. आणि तिसरे काम करणाऱ्यावर समाजाने टाकलेला विश्वास. शाश्वतीविषयी त्याचे म्हणणे असे की, गवंड्याला कडाक्याच्या थंडीत काम मिळत नाही, म्हणून काम असेल त्या दिवशी त्याची मजुरी अधिक असली पाहिजे. विश्वासाचे उदाहरण म्हणून त्याने वैद्याचेच नाव घेतले. स्मिथ काही समाजवादी नव्हता. तरीही त्याच्या या तीन कसोट्या आजच्या व्यवस्थेला लावून पाहाव्यात.

प्रथम अमेरिका. तेथील सरकारी आकडेवारीनुसार मे २०२४ मध्ये वैद्यक-साहाय्यकाचे मध्यम वार्षिक वेतन १,३३,२६० डॉलर होते. हा आकडा नव्या-जुन्या सर्वांचा मिळून आहे. नवख्याची सुरुवात त्याच्या खाली होते. परंतु तेथे पगाराच्या आकड्याइतकेच महत्त्व सवलतींना आहे, कारण बहुसंख्य नोकरदारांचा आरोग्य विमा नोकरीला बांधलेला असतो; नोकरी गेली की विमाही धोक्यात येतो. शिवाय रुग्णाने भरपाईचा दावा केल्यास संरक्षण देणारा विमा लागतो. त्याचे दोन प्रकार आहेत. एकात घटना केव्हा घडली हे पाहतात. दुसऱ्यात दावा केव्हा दाखल झाला हे पाहतात. दुसऱ्या प्रकारात नोकरी सोडल्यावर जुन्या घटनेचा दावा आला, तर संरक्षण मिळत नाही. त्यासाठी वेगळा हप्ता भरून पुढील काळाचा विमा घ्यावा लागतो. तो हप्ता मालकाने भरायचा की कर्मचाऱ्याने, हे नेमणुकीच्या करारात लिहिलेले नसेल, तर नवखा पदवीधर पगाराचा मोठा आकडा पाहून सही करतो आणि जोखीम मात्र स्वतःच्या खांद्यावर घेतो. पगाराचा आकडा वाचताना जोखीम कोणाकडे गेली हे पाहावे लागते, हा पहिला धडा.

ब्रिटनमधील प्रश्न निराळा आहे. तेथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सार्वजनिक आहे आणि वेतनश्रेणी जाहीर असतात. दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या वैद्यक-साहाय्यकाला सातवी श्रेणी मिळाली. २०२४-२५ मध्ये तिची सुरुवात ४६,१४८ पौंडांपासून होती. पहिल्याच वर्षापासून २७ दिवसांची भरपगारी रजा, आठ सार्वजनिक सुट्या, आजारपणात एक महिना पूर्ण व दोन महिने अर्धा पगार आणि निवृत्तिवेतन योजना या सवलती त्याच्या जोडीला होत्या. त्याच वर्षी नवशिक्या डॉक्टरचे मूळ वेतन ३६,६१६ पौंड होते आणि नव्या परिचारिकेचे २९,९७०. म्हणजे ज्याला औषधाची चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार नाही, त्याची सुरुवात ज्याला तो अधिकार आहे त्याच्यापेक्षा सुमारे साडेनऊ हजार पौंडांनी वरची! डॉक्टरला रात्रपाळीचे आणि जादा तासांचे पैसे वेगळे मिळतात हे खरे. तरीही मूळ आकड्यांनी असंतोष पेटवला. २०२३ च्या मार्चपासून कनिष्ठ डॉक्टरांचे संप सुरू झाले होते. त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने २०३६-३७ पर्यंत वैद्यक-साहाय्यकांची संख्या १०,००० वर नेण्याची योजना जाहीर केली आणि त्या असंतोषात तेल ओतले गेले.

या भांडणात एक गोष्ट फारशी कोणी सांगितली नाही. सातव्या श्रेणीचा शेवटचा टप्पा २०२४-२५ मध्ये ५२,८०९ पौंडांवर संपत होता आणि तो पाच वर्षांत गाठला जात होता. उलट डॉक्टर वरिष्ठ तज्ज्ञाच्या पदाला पोचला की त्याची सुरुवात १,०५,५०४ पौंडांवर होत होती. एकाची सुरुवात उंच, पण छप्पर डोक्याला लागलेले. दुसऱ्याची सुरुवात खाली, पण वर आकाश मोकळे. दोघांनाही एकमेकांचा हेवा वाटावा अशीच ही रचना होती. श्रमिकांत फूट पाडायला कोणाचे कारस्थान लागतेच असे नाही. विचार न करता आखलेली वेतनश्रेणी तेवढे काम करते.

यापेक्षा गंभीर गोष्ट अशी की, पगार ठरला पण जबाबदारीची सीमा ठरली नाही. वीस वर्षांहून अधिक काळ हा वर्ग काम करत होता. त्याचे वैधानिक नियमन मात्र १३ डिसेंबर २०२४ पासून सुरू झाले. समोरची व्यक्ती डॉक्टर नाही हे अनेक रुग्णांना कळतच नव्हते. प्रा. जिलियन लेंग यांच्या समीक्षेचा अहवाल जुलै २०२५ मध्ये आला. 'फिजिशियन असोसिएट' हे नाव सोडून पुन्हा 'असिस्टंट' म्हणावे, निदान न झालेले रुग्ण त्यांनी ठरवून दिलेल्या चौकटीबाहेर पाहू नयेत, नवख्यांनी आधी दोन वर्षे रुग्णालयात काम करावे, तसेच अनुभवी साहाय्यकांसाठी एक श्रेणी वरचे पद असावे, असे त्यात सुचवले गेले. हे सारे पहिल्या नेमणुकीपूर्वीच ठरायला हवे होते.

आता भारताकडे वळू. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाच्या वेळी देशातील ४७,५२४ नोंदणीकृत डॉक्टरांपैकी २९,८७० परवानाधारक, म्हणजे पदवी नसलेले परंतु रीतसर शिकलेले होते. समितीने एकच पदवीधर डॉक्टर घडवण्याचा पुरस्कार केला आणि मधली पायरी मोडली. हेतू उदात्त होता: गरिबालाही पूर्ण शिक्षित डॉक्टर मिळावा. परंतु डॉक्टर शहरात राहिला आणि खेड्यातील पोकळी स्वस्त श्रमाने भरण्याची परंपरा सुरू झाली. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता सरकारने गावोगावी आरोग्यसेवक नेमण्याची योजना काढली. राजनारायण तेव्हा आरोग्यमंत्री होते. कल्पना लोकाभिमुख होती. मोबदला मात्र महिना ५० रुपये, आणि त्याचे नाव वेतन नव्हे, मानधन. समाजवादी विचाराच्या लोकांनीही 'मान' देऊन 'धन' वाचवण्याचा मार्ग पत्करला, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

फिजिशियन असिस्टंट या नावाचा अभ्यासक्रम आपल्याकडे १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये सुरू झाला. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने या पेशाला मान्यता दिली. त्या कायद्यात शिक्षण आहे, नोंदणी आहे. वेतनाचा मात्र शब्द नाही. खासगी रुग्णालयातील नव्या पदवीधराचा पहिला पगार त्यामुळे त्याच्या गरजेवर आणि व्यवस्थापनाच्या मर्जीवर ठरतो.

सरकारी क्षेत्रात या कामाच्या सर्वांत जवळचे पद म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेने ते निर्माण केले. आयुर्वेद किंवा परिचर्या शाखेचा पदवीधर सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून उपकेंद्राचा प्रमुख होतो. सपाटीवर ५,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असते. रक्तदाब, मधुमेह, गरोदर माता, ताप, सर्पदंशाची पहिली धाव या सर्वांचा भार तेथे येतो. स्मिथची विश्वासाची कसोटी लावली, तर हा विश्वास थोडाथोडका नव्हे.

मोबदल्याचे मूळ सूत्र असे होते: महिना २५,००० रुपये ठोक आणि कामगिरीनुसार १५,००० पर्यंत. कामगिरी मोजणारे निर्देशक वरून ठरतात. औषधांचा पुरवठा झाला नाही, संगणकाला जोडणी मिळाली नाही, आशा सेविकेचे पद रिकामे राहिले, तर निर्देशक घसरतो आणि पैसे कापले जातात ते अधिकाऱ्याचे. यंत्रणेच्या अपयशाचा दंड तिच्या शेवटच्या कर्मचाऱ्याने भरायचा, असा हा हिशेब आहे.

आता त्याच उपकेंद्रात काम करणारी जिल्हा परिषदेची कायम आरोग्यसेविका पाहा. सातव्या वेतन आयोगानुसार तिचे मूळ वेतन २५,५०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे आणि वार्षिक वाढ. जानेवारी २०२४ मध्ये महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला तेव्हा तिच्या वेतनात ती भर नियमानेच पडली. प्रमुखाच्या ठोक मोबदल्याला मात्र महागाई भत्त्याची जोड नाही. ही तुलना सेविकेच्या पगाराचा हेवा करण्यासाठी नाही; तिला मिळते ते तिच्या संघटनेने मिळवलेले आणि रास्तच आहे. तिच्या शेजारच्या खुर्चीला ते का नाही, एवढाच प्रश्न आहे.

सवलतींची कथा अधिक चमत्कारिक आहे. पद निर्माण झाले तेव्हा भविष्यनिर्वाह निधीच्या सक्तीची वेतनमर्यादा १५,००० रुपये आणि राज्य कामगार विम्याची २१,००० होती. २५,००० रुपयांचा हा कर्मचारी कामगार म्हणून संरक्षण मिळण्यास 'श्रीमंत' ठरला आणि कंत्राटी असल्याने सरकारी नोकराच्या निवृत्तिवेतनास अपात्र ठरला. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याचा निर्णय काढला. त्याच्या अंमलबजावणीसाठी कर्मचाऱ्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये संप करावा लागला. २०१८ नंतर प्रथमच सेवेत आलेल्यांची तर दहा वर्षेही तोवर भरलेली नव्हती. अशाश्वत कामाला अधिक मजुरी, हा स्मिथचा नियम येथे उलटा झाला आहे: शाश्वती नाही, म्हणून मजुरीही कमी.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. डॉक्टरांच्या संघटना म्हणतात की अर्धशिक्षितांच्या हाती गरिबांचे आरोग्य देऊ नका. या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. सीमा न आखता मधली पायरी उभारली तर काय होते, ते ब्रिटनने दाखवले. परंतु पायरीच नको म्हणणाऱ्यांनी त्या उपकेंद्रात उद्या सकाळी कोण बसणार, हे सांगितले पाहिजे. दुसरा आक्षेप अर्थखात्याचा: पैसा नाही. परंतु अनुभव येताच सोडून जाणारा कर्मचारी, पुन्हा भरती, पुन्हा प्रशिक्षण आणि मधल्या काळात बंद राहिलेले दार, यांचाही खर्च असतोच. तो अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तो रुग्णाच्या खिशातून जातो.

तेव्हा मागणी काय असावी? नेमणुकीच्या कागदावर कामाची सीमा आणि देखरेख करणाऱ्या डॉक्टरचे पद लिहिलेले असावे. ठोक रकमेऐवजी नियमित वेतनश्रेणी आणि महागाई भत्ता असावा. कामगिरीचा भाग असलाच तर तो लहान, आणि कर्मचाऱ्याच्या हातात असलेल्या कामापुरताच असावा. भविष्यनिर्वाह निधी, आजारपणाची व बाळंतपणाची रजा आणि दाव्यापासून संरक्षण पहिल्या दिवसापासून मिळावे. पाच-सात वर्षांनी चढण्यासाठी पुढची पायरी असावी. आणि खासगी रुग्णालयांतील वैद्यक-साहाय्यकांसाठी सुरुवातीच्या वेतनाची किमान मर्यादा राज्याने जाहीर करावी.

या मागण्या परिचारिका, आशा, सेविका आणि निवासी डॉक्टर यांच्या मागण्यांबरोबर एकाच निवेदनात गेल्या पाहिजेत. ज्याचा पगार आपल्याहून थोडा वर किंवा थोडा खाली आहे त्याच्याशी भांडण्यात आरोग्यसेवकांची शक्ती खर्ची पडली, तर ती व्यवस्थेच्या पथ्यावरच पडते. उपकेंद्राच्या दारात उभ्या असलेल्या बाईला आत बसलेल्याची पदवी वाचता येत नाही. तो माणूस पुढल्या वर्षीही तेथेच असेल की नाही, हे मात्र तिला कळते, आणि तिच्या दृष्टीने वेतनश्रेणीचा अर्थ तेवढाच आहे.