विद्यार्थ्यांच्या निसर्गशिबिरातील आमचे अनुभव

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात अमडापूर मुक्कामी केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून आजवर वकील, डॉक्टर, इंजिनीयर आणि प्राध्यापक बोलून गेले. त्या मालिकेत, शाळकरी मुलांना रानात हिंडवून आणणाऱ्या आमच्यासारख्या माणसास स्थान द्यावे असे कार्यकारिणीस वाटले, ह्याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहोत. आज सकाळी चहाच्या वेळी एका वयोवृद्ध गृहस्थांनी आम्हांस विचारले, “मुलांना पाखरे दाखविण्याचा पगार मिळतो काय हो?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही टाळणार नाही. परंतु हे काम आहे तरी काय, ते आधी सांगितले पाहिजे.

ज्या टेकडीवरील बल्लाळदेवीच्या दर्शनास आपण आज पहाटे जाऊन आलात, तिच्याच परिसरात हिवाळ्यात चार दिवसांचे विद्यार्थ्यांचे शिबिर भरते. मुले तंबूत राहतात, आपली ताटे आपण घासतात, आणि दिवस उजाडण्यापूर्वी उठतात. काही मुले खामगाव, चिखली, बुलढाणा येथील शाळांतून येतात, काही आसपासच्या खेड्यांतील असतात. त्यांच्याबरोबर रानात चालणारा जो माणूस, त्यास निसर्गमार्गदर्शक म्हणतात. तो शिक्षक नव्हे, कारण त्याच्यापाशी फळा नाही आणि परीक्षाही नाही. तो वनरक्षकही नव्हे, कारण त्याच्यापाशी अधिकार नाही. डोळे, कान आणि दमादमाने चालण्याची सवय एवढेच त्याचे भांडवल.

ह्या कामास आपल्या जिल्ह्यासारखी भूमी शोधून सापडणार नाही. बुलढाण्याचे पठार हे अजिंठ्याच्या डोंगररांगेचे अंग आहे. त्या रांगेच्या उत्तर उतारावर पडलेले पाणी ज्ञानगंगा, नळगंगा ह्या नद्यांतून पूर्णेस, पूर्णेतून तापीस आणि तेथून अरबी समुद्रास जाते. दक्षिणेकडील पाणी पैनगंगेवाटे वर्धेस, पुढे प्राणहितेतून गोदावरीस आणि अखेर बंगालच्या उपसागरास मिळते. आम्ही मुलांना रांगेच्या माथ्यावर नेतो, तांब्याभर पाणी देतो आणि दोन्ही बाजूंस ओतावयास सांगतो. भूगोलाच्या पुस्तकातील ‘जलविभाजक’ हा शब्द त्या तांब्यानंतर कोणी विसरल्याचे आम्हांस ठाऊक नाही. एका मुलीने विचारले, “बरोबर मधोमध पडलेल्या थेंबाचे काय होते?” आम्ही पुष्कळ विचार केला आणि तिलाच पावसाळ्यात येऊन पाहावयास सांगितले.

पठाराच्या ह्याच कडेस ज्ञानगंगा अभयारण्य आहे. १९९७ साली त्याची घोषणा झाली. क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. बुलढाण्याहून खामगावास बोथ्याच्या घाटाने गेलेल्यांनी ते मोटारीच्या खिडकीतून पाहिलेच आहे. रान शुष्क पानझडीचे: साग, सालई, धावडा, पळस, अंजन. मुले अंजनाचे पान पाहून हटकून ‘आपटा’ म्हणतात. मग आम्ही दोन्ही पाने त्यांच्या तळहातावर ठेवतो. आपट्याचे पान एकच असून वरून दुभंगलेले असते. अंजनाच्या मात्र दोन वेगळ्या पर्णिका देठाशी जोडलेल्या असतात. एवढे कळले तरी पुढल्या दसऱ्यास आपटा समजून कांचनाच्या फांद्या ओरबाडल्या जातात त्या चार तरी वाचतील, अशी आमची भाबडी आशा.

मऊ मातीत नरसाळ्यासारखे लहान खळगे असतात, ते आपण पाहिले असतील. त्याच्या तळाशी एक अळी दबा धरून असते. मुंगी कडेवरून घसरली की अळी डोक्याने माती उडवून तिला खाली पाडते. हीच अळी पुढे चतुरासारखे पंख फुटून उडते. ह्या एका खळग्याभोवती बारा मुले पाऊण तास पालथी पडून राहिलेली आम्ही पाहिली आहेत. त्यांतील एकाच्या प्रगतिपुस्तकात ‘लक्ष देत नाही’ असा शेरा होता, असे त्याच्या आईनेच आम्हांस नंतर सांगितले.

आता एक गोष्ट सांगावयाची आहे, ती आमच्या बढाईची नव्हे. शिबिराचे तिसरे वर्ष होते. पहाटे ओढ्याच्या वाळूत एक ठसा उमटलेला दिसला. चाळीस मुले भोवती गोळा झाली, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द: “बिबट्या?” दोन दिवस हिंडून त्यांना नीलगाईवाचून मोठे काही दिसले नव्हते. आम्ही वाकलो, वरवर पाहिले आणि म्हणालो, “होय, बिबट्याच.” काय तो आनंद! मुलांनी वह्या काढल्या, चित्रे काढली. आम्हीही त्या आनंदात न्हालो, हे कबूल केले पाहिजे.

गर्दीच्या मागे एक मुलगा उभा होता. त्याच्या घरी शेळ्या होत्या, आणि तो रानाच्या कडेस वाढलेला. तो हळूच म्हणाला, “सर, याले त नखं दिसतात. बिबट्याचे नखं कुठी दिसतात?”

आम्ही पुन्हा वाकलो. नखांच्या खुणा स्पष्ट होत्या. मांजराच्या कुळातील जनावर चालताना नखे आत ओढून घेते, त्यामुळे ठशात ती उमटत नाहीत. हा धडा आम्हीच आदल्या रात्री शेकोटीपाशी दिला होता. शिवाय पुढल्या पायाचा ठसा मागल्यापेक्षा चांगलाच मोठा होता. ते तडस होते. चूक अज्ञानाने झाली असती तर तिचे इतके वाटले नसते. आम्हांस माहीत होते. परंतु मुलांना बिबट्या हवा होता आणि आम्हांस मुलांची वाहवा हवी होती.

क्षणभर मनात आले की, ‘पाहू पुढे’ म्हणून वेळ मारून न्यावी. त्या मुलाने पुन्हा तोंड उघडले नसते, हे निश्चित. अशी मुले एकदा गप्प झाली की पुन्हा बोलत नाहीत. आम्ही सर्वांसमक्ष म्हणालो, “आम्ही चुकलो. ह्याने बरोबर ओळखले.” आणि त्यासच पुढे उभे करून ठसा समजावून सांगावयास लावले. तो अडखळत बोलला, परंतु तडस चालताना मागून उतरते का दिसते, रात्री ते गावाच्या उकिरड्यापर्यंत का येते, हे त्याने असे सांगितले की आमची पुस्तके फिकी पडली. शहरातील मुले प्रथमच त्याच्याकडे पाहत होती. त्या दिवसापासून जे ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही’ म्हणावयास आम्ही शिकलो.

दुसरी चूक याहून जड होती. दुपारच्या भोजनास आम्ही एका जुन्या वडाखाली जागा निवडली. जमिनीवरचे काटे पाहिले, विंचवासाठी दगड उलथून पाहिले. वर पाहिले नाही. फांदीस आग्या मोहोळ लोंबत होते. मुलांनी तीन दगडांची चूल मांडून पिठल्यासाठी जाळ केला आणि धूर वर गेला. पुढील पाच मिनिटांचे वर्णन आम्ही करीत नाही. एक माशी डसली की तिच्या नांगीतून सुटणाऱ्या गंधाने इतर माश्या त्याच जागी येतात. म्हणून हात झाडू नयेत, घोंगडी डोक्यावर घेऊन दूर निघून जावे. हे सारे ठाऊक असूनही मुले भांबावली. आठवीतील एका मुलीस अकरा दंश झाले. तिला उलट्या झाल्या, डॉक्टरांकडे न्यावे लागले. सायंकाळी ती हसली, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. तिचे वडील आपल्याच मंडळाचे सभासद आहेत. ते आम्हांस एका शब्दानेही बोलले नाहीत. मात्र दुसऱ्या वर्षी धाकटीस त्यांनी पाठविले नाही. आम्ही त्यांस दोष देत नाही. आता प्रत्येक शिबिराच्या आदल्या दिवशी आम्ही प्रत्येक मोठे झाड आणि प्रत्येक कडा मान वर करून पाहतो.

पालकांची भीती मात्र पुष्कळदा भलत्याच ठिकाणी असते. २०१९ च्या जूनमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. महाराष्ट्र आणि तेलंगणातील शेते, रस्ते, नाले ओलांडीत, गळ्यातील पट्ट्याच्या नोंदींनुसार १,३०० किलोमीटरांहून अधिक चालून तो डिसेंबरात ज्ञानगंगेत पोहोचला. वर्तमानपत्रात बातमी येताच आमचा फोन सारखा वाजू लागला. मोहोळाविषयी आम्हांस कोणी कधी विचारले नव्हते; वाघाविषयी सर्वांनी विचारले! तो वाघ आपल्यासाठी जागा शोधीत होता. आपली मुले पुण्यास खोली शोधतात, त्याहून ते फारसे वेगळे नाही.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळतो. पगार नाही. प्रवासखर्च, भोजन आणि थोडे मानधन मिळते. वर्षाचे उरलेले महिने आम्ही शेती पाहतो. सलीम अली ह्यांच्यासारखे पक्षितज्ज्ञ १९२६ च्या सुमारास मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात निसर्गेतिहास विभागाचे मार्गदर्शक-व्याख्याते होते. म्हणजे आमच्याच व्यवसायातले. जर्मनीत अभ्यास करून १९३० साली ते परतले, तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली! मग ते किहीमला जाऊन राहिले आणि तेथे सुगरणीच्या घरट्यांचा त्यांनी अभ्यास केला. तो आजही वाचला जातो. मारुती चितमपल्लींनी मात्र वनखात्याची नोकरी करीत रान पाहिले, आदिवासी आणि कोळी ह्यांच्या तोंडची पक्ष्यांची नावे गोळा केली. २०२५ साली त्यांस पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ते निवर्तले. ह्या दोघांच्या जन्मदिनांमधला ५ ते १२ नोव्हेंबर हा काळ महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. तेव्हा मुलाने हाच धंदा करावा असे आम्ही कोणासही सांगणार नाही. चार दिवस पाठवा, एवढेच मागतो. मुलींसही पाठवा, त्यांची राहण्याची व्यवस्था निराळी असते आणि दोन शिक्षिका रात्रंदिवस बरोबर असतात.

सोबत जुने, मातकट रंगाचे कपडे, एक घोंगडी, विजेरी आणि कोरी वही द्यावी. अत्तर लावून धाडू नये. नवे बूट तर मुळीच नकोत. पहिल्याच दिवशी फोड येतात आणि मूल तंबूत बसून राहते.

ज्यांस उत्सुकता असेल त्यांच्यासाठी उद्या पहाटे साडेपाचास आम्ही टेकडीच्या पायथ्याशी उभे राहू. सकाळी प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी येण्याचे कबूल केले आहे. त्यांच्या गुडघ्यांचा विचार करून चढाच्या वाटेने न जाता शेतांच्या बांधाने जाऊ.