भरपाई ही मेहेरबानी नव्हे



भुयारी गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरलेला माणूस मेला, की वर्तमानपत्रांत चार ओळी छापून येतात. परंतु जो विषारी वायूने गुदमरून कायमचा अधू झाला, त्याची वार्ता कोठेच येत नाही. तो घरी येऊन अंथरुणाला खिळतो. ठेकेदार त्याच्या हातावर काही हजार रुपये ठेवतो व एका कागदावर अंगठा घेतो. घरची माणसे म्हणतात, 'मालक भला, म्हणून एवढे तरी दिले.' या समजुतीविरुद्ध मला आज आपणांशी बोलावयाचे आहे.

अशी रक्कम ही भरपाई नव्हे. ते इजा झालेल्या माणसाचे तोंड बंद करण्याचे मोल आहे. भरपाई हा हक्क आहे. माणसाकडून हातांनी मैला साफ करवून घेण्यास मनाई करणारा कायदा संसदेने २०१३ साली केला आणि तो त्याच वर्षी ६ डिसेंबरपासून अंमलात आला. त्याच्या ७ व्या कलमान्वये संरक्षक साधने न देता व सुरक्षिततेची व्यवस्था न करता कोणासही गटार वा सेप्टिक टँक साफ करावयास लावता येत नाही. तसे करणे हा ९ व्या कलमाखाली तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

२० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बलराम सिंह यांच्या याचिकेवर निकाल देऊन भरपाईचे आकडे ठरवून दिले. गटारात मृत्यू आल्यास वारसांना ३० लाख रुपये. कायमचे अपंगत्व येऊन मनुष्य कमाईस मुकल्यास किमान २० लाख. इतर अपंगत्वास किमान १० लाख. हे आकडे आपण पाठ करावेत, कारण ते आपणांस आपण होऊन कोणी सांगणार नाही.

'तो आमचा नोकर नव्हे, ठेकेदाराचा आहे,' असे उत्तर मिळेल. त्यास भुलू नका. प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कामाला लावणे, असे कायद्याचेच शब्द आहेत. 'ती जागा खाजगी होती,' हीही सबब टिकत नाही. खाजगी इमारतीच्या टाकीत मेलेल्या कामगारांच्या विधवांना प्रत्येकी १० लाख रुपये द्यावेत, असा हुकूम मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली राज्य सरकारला केला होता.

मग हक्क असूनही माणसे रिकाम्या हाती का राहतात? माझ्याकडे एका कामगाराची पत्नी कागद घेऊन आली होती. रुग्णालयाच्या कागदावर लिहिले होते : 'घरी पाय घसरून पडला.' नवरा शुद्धीवर नव्हता, तेव्हा मुकादमाने डॉक्टरांना तसे सांगितले होते. त्या एका ओळीपायी आम्हांस महिनोन् महिने झगडावे लागले. दावा न्यायालयात उभा राहतो हे खरे, परंतु त्याचा पाया पहिल्याच दिवशी घातला जातो किंवा उखडला जातो.

म्हणून इतके करा. रुग्णालयात घरच्या माणसाने स्वतः जावे आणि इजा कोठे व कशी झाली हे डॉक्टरांकडून लिहवून घ्यावे. पोलिसांत फिर्याद द्यावी व तिची प्रत मागावी. ती विनामूल्य मिळते. बरोबरच्या कामगारांची नावे, ठेकेदाराचे नाव व त्या जागेचे छायाचित्र जपून ठेवावे. अपंगत्वाचा दाखला सरकारी रुग्णालयातून घ्यावा. स्थानिक संस्थेकडे व जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा, पोच घ्यावी. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा कदापि देऊ नये.

वकिलाला द्यावयास पैसे नाहीत, ही अडचण सांगू नका. १९८७ सालच्या विधी सेवा कायद्यान्वये अनुसूचित जातींतील व्यक्ती, स्त्रिया व अपंग यांना, उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात व तालुक्याच्या न्यायालयात त्याचे कार्यालय असते.

गेलेले डोळे, निकामी झालेली फुफ्फुसे पैशाने परत येत नाहीत, हे मी जाणतो. पण ज्याला माणूस गटारात उतरविणे स्वस्त पडते, तो यंत्र आणणार नाही. प्रत्येक वसूल झालेली भरपाई ते काम महाग करते, आणि उद्या त्या भोकात उतरावयाचा दुसरा मुलगा वाचविते. तेव्हा शेजारी असा कोणी अंथरुणाला खिळला असेल, तर आजच त्याच्या घरी जा व त्याचे कागद पाहा.