खाकीतली आपली लेक काय शिकते?

आपल्या धाराशिवच्या पोरी भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतात. त्यातली एखादी कारागृह शिपाई होते. तिला कवायत शिकवतात, ती हवीच.

पण बाईची झडती बाईनंच घ्यायची, हे १८९४ च्या कायद्यातच सांगितलं होतं. लेकरू सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये सांगितलं. फाटकावरच्या शिपाईणीला हे कुणी समजावलंच नाही, तर कागद कागदच राहतो.

आणि नुसती बाई नेमली म्हणजे झालं, असं आम्हाला वाटत नाही. जून २०१७ मध्ये मुंबईच्या भायखळा कारागृहातली कैदी मंजुळा शेट्ये गेली. अंडी-पावाच्या हिशेबावरून तिला मारलं, असा आरोप आहे. आरोपी सहा, कारागृहातल्याच, सगळ्या बायका.

रडणारी, भांडणारी, गरोदर बाई समोर आली तर कसं वागायचं, याचेही तास हवेत. नोकरीत मुरलेल्या जमादारणीलाही अधूनमधून शिकायला बसवावं. खरी गरज तिलाच, असं आमचं मत.

गावातली शिपाई झालेली पोरगी सुट्टीला आली, की तिला गटाच्या बैठकीला बोलवा. कवायतीशिवाय काय शिकवलं, ते विचारा.